मुंबई ते न्यूयॉर्क : फूटभर दोरा

हल्ली आपल्यासारख्या गावांतून कुठल्याही गल्लीत जा, चार घरांआड एका घरातला मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असतेच. अशा घरातल्या बाईला शेजारणी दोन प्रश्न हमखास विचारतात. "किती लांब आहे हो ते?" आणि "किती तास लागतात?" पहिल्याचं उत्तर बहुतेक जणी हवेत हात लांब करूनच देतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र तोंडपाठ असतं : सोळा तास. माझी धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली त्याला बरीच वर्षं झाली. हे सोळा तास आमच्याही घरात पाव्हण्याराव्हळ्यांना चहाबरोबर दिले जात. या सोळा तासांच्या पोटात काय काय दडलेलं आहे, ते आज तुम्हांला सांगायचं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींवर लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघायची वेळ कधी ना कधी येणार आहे, म्हणून.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सातवी-आठवीचा भूगोल माझ्याकडे असतो. वर्गात बारा इंच व्यासाचा पृथ्वीगोल आहे. तुमच्या मुलांकडे असा गोल असला तर शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या आणि करून बघा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा अगदी ताणून धरा. मग तो मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. जवळजवळ तीस सेंटिमीटर, म्हणजे फूटभर भरतो. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 418 किलोमीटर. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर येतात. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं वीस हजार किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण पृथ्वीचा पुरा वेढाच चाळीस हजारांचा आहे. म्हणजे लेक गेली आहे ती काही अगदी दुसऱ्या टोकाला नव्हे. टोक अजून पुढं आहे!

दोरा ताणल्यावर खरी गंमत पुढंच आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ मारायला सांगितली, तर मुलं पट्टी ठेवतात आणि अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका असं करत अटलांटिक ओलांडतात. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र तिकडं जातच नाही. तो मुंबईवरून वायव्येला आणि त्याहूनही जास्त उत्तरेला चढतो. क्वेट्टाजवळून, अफगाणिस्तानच्या पश्चिम भागातून, मध्य आशियावरून रशियात शिरतो. सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, नॉर्वे गाठतो, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या टोकापाशी येतो आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. आंब्याच्या गावाहून निघून बर्फाच्या उंबऱ्याशी जाऊन यायचं! पण हाच जवळचा रस्ता. नकाशावर पट्टीनं मारलेली सरळ रेघ धरून गेलं तर दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाढतं. संत्र्याची साल सपाट पसरली की ती फाटते किंवा ताणली जाते, तसंच सपाट नकाशाचं होतं. उत्तरेकडचा प्रदेश ताणून मोठा दाखवलेला असतो, म्हणून जवळचा रस्ता वाकडा दिसतो आणि लांबचा सरळ.

आता तासांचं बघू. मोठं विमान तासाला साधारण नऊशे किलोमीटर जातं. साडेबारा हजाराला नऊशेनं भागा, चौदा तास येतात. मग जाताना पंधरा-सोळा का लागतात, आणि येताना तास-दीड तास कमी का? तर वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः थंडीच्या दिवसांत, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा वेग काही विशेष मानत नाहीत. ज्यांनी सांगलीत आयर्विन पुलावरून सायकल चालवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. एका बाजूनं जाताना कृष्णेवरचा वारा छातीवर येतो आणि पायडल रेटवत नाही. येताना तोच वारा पाठीवर घेऊन पोरी वेण्या उडवत घरी येतात. पूल तेवढाच असतो. अमेरिकेला जाताना विमान वाऱ्याच्या तोंडावर असतं, येताना वारा पाठीशी असतो.

आणि दोऱ्यासारखं सरळ जायलाही नेहमी मिळत नाही, कारण आकाशालाही कुंपणं आहेत. 27 फेब्रुवारी 2019 ला पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते 16 जुलैला उघडलं. त्या काळात दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठे वळसे पडले, काहींना मधे इंधनासाठी उतरावं लागलं. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय विमानांना मिटलं. म्हणून शेजारणीच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी किती तास लागले ते ऐकून आपला हिशेब करू नका. आपल्या तिकिटावर त्या दिवसाचे तास छापलेले असतात, तेच खरे.

वाटेत उतरून गेलं तर अंतर फार वाढतं असं वाटतं ना? बघा हं. मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या थोडं वर. बेरीज केली तर सरळ रस्त्यापेक्षा वळसा पडतो दोन-अडीचशे किलोमीटरचा, सांगली-पुण्याएवढा! दुबईवरून गेलं तर चारशेचा. विमानाला हे अर्ध्या तासाचं काम. वाढतात ते तास विमानतळावरच्या बाकांवरचे.

पूर्वी तर उतरत उतरतच जावं लागे. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबून. न्यूयॉर्कला आपलं विमान जायला लागलं 1960 साली, तेही लंडनवरून. आणि त्याच्याही आधी, आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी. डॉक्टर व्हायला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या ती तारीख होती 7 एप्रिल 1883, आणि न्यूयॉर्कला उतरल्या 4 जूनला. अठ्ठावन्न दिवस! वय अठरा, आणि यजमान बरोबर नव्हते. त्यांना उतरवून घ्यायला आल्या त्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. हे रोझेल म्हणजे नेवार्क विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. बहिणीच्या घरी जाताना त्या नावाची पाटी दिसली तेव्हा मी मान वळवून वळवून बघत राहिले. डॉक्टर होऊन आनंदीबाई परत आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या आहेत. तेवढं अंतर त्यांनी तिसऱ्यांदा कापलं.

मला हे तास खऱ्या अर्थानं कळले ते नाना गेले तेव्हा. नाना म्हणजे आमचे वडील. हिवाळ्याचे दिवस होते. पहाटे अडीचला सगळं संपलं. बहिणीला फोन लावला तेव्हा तिथं आदल्या दिवशीच्या दुपारचे चार वाजले होते, ती ऑफिसात होती. ती रडली नाही. म्हणाली, "मी तिकीट बघते." आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं, "ती किती वाजता पोचेल?"

मी भूगोल शिकवणारी, तेव्हा हा हिशेब माझ्याकडंच आला. वहीच्या मागच्या पानावर मांडला. सोळा तास हा आकडा कुठच्या कुठं गेला. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं, लंडनवरून. विमानतळावर तीन तास आधी, मग अटलांटिक, मग थांबणं, मग मुंबई, मग सामान, मग मुंबईहून सांगली पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे गाडीनं आठ तास. काका दाराशी उभे होते. मी आकडा सांगितला : पन्नास तास. कुणी काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "नका थांबू. पोरीला रस्त्यात घाई वाटायला नको." दुपारी सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला बहीण दारात उतरली. राख सावडायला ती होती.

म्हणून 2023 च्या दिवाळीत, बहिणीला दिवस गेलेले असताना, आईला तिकडं पोचवायचं ठरलं तेव्हा मी आधी ती वही काढली. बहीण म्हणत होती, आईला सरळ विमानात बसवून दे, मी इथं उतरवून घेते. पण आई बासष्टची, गुडघे धरलेले, इंग्रजी वाचता येतं पण बोलायची सवय नाही. एका जागी सोळा तास म्हणजे तिच्या पायांचे हाल. मधे उतरलं तर तिला चालायला मिळेल आणि वळसा नावाचाच आहे, हे मी बहिणीला पटवलं. शाळेला सुट्टी होती, यजमानांनी मुलांचं बघतो म्हटलं, मग मीच आईबरोबर निघाले. ज्यांच्याबरोबर कुणी नाही त्यांनी मात्र सरळ विमानच घ्यावं असं माझं मत आहे. परक्या विमानतळावर एकटीनं विमान बदलण्यापेक्षा पाय सुजलेले परवडले.

बुधवारी दुपारी एकला सांगली सोडली. रात्री साडेनऊला मुंबई विमानतळ. पहाटे अडीचला विमान उडालं. आणि मग रात्र संपेचना! आपण पश्चिमेला पळतो आहोत आणि सूर्य मागून येतो आहे, पण त्याला आपल्याला गाठायला वेळ लागतो. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र इराणवरून तुर्कस्तानवर आणि तिथून युरोपावर सरकत होतं, आमच्या मनगटावर सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले, बाहेर काळोखच. आईची सकाळची चहाची वेळ टळून गेली. "इथं उजाडायचं विसरले वाटतं," ती म्हणाली. लंडनला उतरलो तेव्हा आपल्याकडचे साडेबारा आणि तिथले सकाळचे सात. तेव्हा कुठं क्षितिजावर तांबडं फुटत होतं.

लंडनला चार तास होते. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आईला आधी संकोच वाटला, मी काय पांगळी आहे का म्हणाली. पण तिथल्या त्या लांबच लांब वाटा बघितल्यावर गप बसली. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला कुठं जायचं ते ठाऊक असतं, रांगेतही पुढं नेतात. मैत्रिणींनो, यात कमीपणा काही नाही. तिकिटाबरोबरच सांगा, ऐन वेळी अडचण होते. मग एका बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर बसलेल्या एका बाईनं वास घेऊन हसून मान हलवली, तर आईनं तिच्यापुढंही डबा धरला. तिनं चतकोर घेतला.

दुसरा टप्पा आठ तासांचा. सगळा उजेडातला. न्यूयॉर्कला दुपारी दोनला उतरलो, बहिणीच्या घरी संध्याकाळी पाच. वहीत बेरीज केली : घरापासून घरापर्यंत साडेअडतीस तास. त्यातले हवेतले अठरा. बाकी साडेवीस तास जमिनीवरचे, आणि माणसाला दमवतात ते हेच.

विमानातल्या हवेबद्दल सांगायलाच हवं. आत हवेचा दाब दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितपतच ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे रात्रभर कळसूबाईच्याही वर बसल्यासारखं. आणि हवा अतिशय कोरडी. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, पाय सुजतात. दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेनं फेरी मारायची, म्हणून आईसाठी खिडकीची नव्हे, वाटेकडची जागा मागितली होती. पाणी मागून मागून प्यायचं. उठावं लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका आपल्यात फार, आई त्यांतलीच. तिच्यावर मला पहारा करावा लागला. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळी किती तासांनी घ्यायची ते लिहून घेतलं, "रोज सकाळी" असं नव्हे, कारण या प्रवासात सकाळ कधी होईल त्याचा नेम नाही. आणि डिंकाच्या लाडवांचं : उतरल्यावर खाण्याचं काही आहे का असं विचारतात, तेव्हा आहे म्हणून सांगायचं. ताजी फळं, भाजी, मांस अजिबात न्यायचं नाही. आईनं "स्वीट्स फॉर डॉटर" हे तीन शब्द पाठ केले होते. अधिकाऱ्यानं लाडू उघडून बघितले आणि पुन्हा नीट बांधून दिले.

बहिणीकडं गेल्यावर आईनं मनगटावरचं घड्याळ काही बदललं नाही. ते सांगलीच्या वेळेवरच चालू राहिलं. त्यामुळं तिला हिशेब करावा लागेना, आम्हांला मात्र करावा लागायचा. त्याची एक सोपी युक्ती सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्यामागं साडेदहा तास असतं, एरवी साडेनऊ तास. हिवाळ्यात आपल्या घड्याळात दीड तास मिळवा आणि दिवसाची रात्र करा. आपल्याकडं सकाळचे आठ, तर तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ. उन्हाळ्यात दीडाऐवजी अडीच तास मिळवा. म्हणजे सकाळी दहाला फोन करून बाळंतिणीला झोपेतून उठवायची पाळी येणार नाही. दोन्हीकडं सोयीची वेळ म्हणजे आपली सकाळी सातची किंवा संध्याकाळी सहा-सातची.

आईला ठेवून मी एकटीच परत आले, ती सरळ विमानानं. सकाळी साडेअकराला न्यूयॉर्कहून उडालं ते साडेचौदा तासांत मुंबईला. येताना अगदी उलट झालं, दुपारच्या जेवणानंतर भराभर अंधारलं आणि नीट झोप लागायच्या आत उजाडलं. मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपार होती. ती सगळी रात्र कुणी चोरून नेली असंच वाटत होतं. त्यापुढं आठ दिवस मी वर्गात तिसऱ्या तासाला जांभया देत होते.

परतल्यावर तीनच दिवसांनी, 28 नोव्हेंबरला सकाळी आठला मुलांच्या डब्यांची गडबड चाललेली असताना फोन वाजला. आई होती. "मुलगी झाली. दहा मिनिटं झाली असतील." मी विचारलं, किती वाजता? तिनं मनगटावरचं घड्याळ बघून सांगितलं, "सात पन्नास." शेजारच्या आजींनी लगेच पंचांग काढलं, 28 तारीख धरून. पण न्यू जर्सीत तेव्हा 27 तारखेच्या रात्रीचे नऊ वीस झाले होते. दवाखान्याच्या कागदावर 27 लागली. आजींना काही ते पटेना. एका वेळी जन्मलेलं मूल दोन तारखांचं कसं, म्हणून त्या आमच्या गुरुजींकडं गेल्या. गुरुजींनी आधी गावाचे अक्षांश-रेखांश विचारले. मुंबई 73 पूर्व, तर न्यूयॉर्कचा तो भाग 74 पश्चिम, जवळजवळ आरशातल्यासारखे. ज्या जागी जन्म, तिथलीच वेळ धरायची, ते म्हणाले, आणि पत्रिका 27 ची झाली.

भाचीचा वाढदिवस तिथं संध्याकाळी असतो. आमच्याकडं तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, कणीक मळताना. फोन ओट्यावर पोळपाटाला टेकवून ठेवावा लागतो.